दुआलाशी फ्रेंचमधून काम करायचंय? आधी १९१६ समजून घ्या

न्हावा शेवाहून कॅमेरूनला, तिथल्या दुआला बंदरात माल जातो, त्याची कागदपत्रं मी बेलापूरच्या ऑफिसात बघते. नवी मुलं विचारतात, "मॅडम, फ्रेंच कुठून सुरू करू?" मी म्हणते, आधी नकाशा उघड.

१८८४ पासून हा मुलूख जर्मनांचा. १९१६ ला ते तिथे हरले आणि फ्रान्स-ब्रिटननं तो वाटून घेतला. मोठा वाटा फ्रान्सला. तो भाग १ जानेवारी १९६० ला स्वतंत्र झाला, ब्रिटिशांकडचा दक्षिण भाग १९६१ ला त्याला येऊन मिळाला. म्हणून आजही दहापैकी आठ प्रांत फ्रेंचचे, दोन इंग्रजीचे. तेव्हा मेल लिहिताना पत्ता बघा. दुआला, याउंदे असेल तर फ्रेंच. बामेंडा, बुएया असेल तर इंग्रजीच. तिथल्या वकील-शिक्षकांनी २०१६ ला फ्रेंच लादण्याविरुद्ध आंदोलन केलं, ते पुढे चिघळून बंदुकांपर्यंत गेलं. तिथल्या माणसाला फ्रेंच मेल टाकून दुखवू नका.

आणि फ्रेंच बोलता म्हणून फ्रान्सचं कौतुक तर अजिबात नको. स्वातंत्र्य मागणारे रुबेन उम न्योबे यांना फ्रेंच राजवटीच्या सैन्यानं १९५८ ला जंगलात गोळ्या घातल्या. हे नाव माहीत असू द्या.

आता आकडे. खरी गाडी इथेच अडते. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस'. आपल्याकडची जुनी माणसं 'चार विसा' म्हणायची, तसंच. सत्त्याण्णव होतो 'कात्र-व्हँ-दी-सेत', म्हणजे 'चार-वीस-सतरा', आणि फोनवर ऐकणारा आधी ऐंशी लिहून मोकळा होतो. कंटेनर नंबर एकेक आकडा करूनच मागा. काँगोतल्या किन्शासाला मात्र सत्तर 'सेप्तांत' आणि नव्वद 'नोनांत', कारण तिथे बेल्जियमचं राज्य होतं. काँगो नदीपलीकडचं ब्राझाव्हिल फ्रान्सकडे होतं, तिथे पुन्हा 'साठ-दहा'.

'फाक्त्युर', म्हणजे इन्व्हॉइसवर '१ २५०,५०' दिसलं तर ते साडेबाराशे आणि वर अर्धा. स्वल्पविराम हाच दशांशचिन्ह. कॅमेरूनच्या चलनाचा, मध्य आफ्रिकेच्या सीएफए फ्रँकचा, कोड एक्सएएफ हवा. एक्सओएफ पश्चिम आफ्रिकेच्या सीएफए फ्रँकचा. दोन्हींचा युरोशी दर एकच, ६५५.९५७, त्यामुळे चूक नजरेतून सुटते आणि बँक कागद परत पाठवते.

फोन दुपारी दीडनंतर लावा, तेव्हा दुआलात नऊ वाजतात. 'बाँझूर' म्हणा, घरच्यांची खुशाली विचारा, मग 'कोनेसमाँ'चा, आपल्या बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर माल चढवल्याची पावती) विषय काढा.