माडाखालच्या जमिनीत स्ट्रॉबेरी आणि चिरबोटी

गोव्यातील परसबागेत मोठ्या झाडांखालची जमीन बहुधा झाडून मोकळी ठेवली जाते. ती लहान फळे देणाऱ्या बुटक्या वनस्पतींनी झाकता येते. मात्र आपल्या हवामानात एकच पीक बारमाही टिकेल अशी अपेक्षा न ठेवता हिवाळ्यात स्ट्रॉबेरी आणि पावसाळ्यात चिरबोटी (कागदी आवरणात येणारे लहान पिवळे फळ) अशी पाळी लावणे हिताचे ठरते.

झाडाची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. आंब्याला मोहोर येण्यापूर्वी जमीन कोरडी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत स्ट्रॉबेरीला नियमित पाणी द्यावे लागत असल्यामुळे आंब्याला मोहोराऐवजी नवी पालवी फुटण्याची शक्यता वाढते. म्हणून आंब्याखाली हा प्रयोग करू नये. फणस आणि चिकूची सावली फार दाट असते. माड मात्र उन्हाळ्यात पाणी आनंदाने घेतो. तरीही साधारण 8 ते 25 वर्षांच्या माडांखाली ऊन फारच कमी उतरते, त्यामुळे त्याहून जुने, उंच गेलेले माड निवडावेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सावली उत्तरेला पडते, म्हणून वाफा झाडांच्या दक्षिणेस किंवा पूर्वेस करावा. सकाळचे ऊन मिळून दुपारी विरळ सावली आली, तर मार्चच्या उष्म्यातही रोपे काही काळ तग धरतात.

माडाची बहुतेक कार्यक्षम मुळे बुंध्यापासून 2 मीटरच्या आत असतात. तेवढे आळे सोडून त्याबाहेर वाफा घ्यावा, आणि जांभ्याची जमीन खोल खणण्याऐवजी तिच्यावर चांगले कुजलेले शेणखत व माती यांचा सुमारे 15 सेंटिमीटर उंच थर घालावा. स्ट्रॉबेरीची मुळे उथळ असल्याने तेवढा थर चालतो. नारळ काढायला पाडेली येतो तेव्हा नारळ व चुडते (झावळ्या) कोठे पडतात हे आधी पाहून ठेवावे आणि ती जागा मोकळी सोडावी.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाबळेश्वरकडील रोपवाटिकांची निरोगी रोपे आणून ती 30 सेंटिमीटर अंतरावर लावावीत. लावताना रोपाच्या मध्यभागी पानांचा जो जाडसर गड्डा दिसतो, तो मातीच्या पातळीला बरोबर असावा: तो गाडला गेला तर कुजतो, आणि फार वर राहिला तर मुळे उघडी पडून सुकतात. रोपांभोवती भाताचा पेंढा पसरावा, म्हणजे ओल टिकते आणि फळे मातीला टेकत नाहीत. पाणी सकाळी, मुळांशी द्यावे. पाने रात्रभर भिजलेली राहिली तर करपा आणि बुरशी यांना आमंत्रण मिळते. आडवे धावणारे धुमारे फळधारणेच्या काळात खुडून टाकावेत, अन्यथा रोपाची सारी ताकद त्यांच्याकडे जाते. सांगे तालुक्यातील वेर्ले गावात, सह्याद्रीच्या उंचीवर, स्ट्रॉबेरी पिकते ती तेथील थंड रात्रींमुळे. किनाऱ्याजवळच्या बागेत उत्पन्न त्यापेक्षा कमीच येईल हे धरून चालावे, आणि पुढील वर्षी नवी रोपे आणण्याची तयारी ठेवावी.

जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच वाफ्यावर, उन्हाच्या कडेला, चिरबोटीचे बी पेरावे. अनेक ठिकाणी ती आपोआपच उगवते. कोवळ्या रोपांवर गोगलगाई तुटून पडतात, म्हणून संध्याकाळी फिरून त्या वेचाव्यात. फळ कागदी आवरणात दडलेले असते. हे आवरण वाळून पिवळट झाले आणि आतले फळ पिवळे होऊन सहज गळू लागले, तेव्हाच ते खावे. हिरवे फळ आणि पाने खाऊ नयेत, आणि घाणेरीसारख्या शेजारी उगवणाऱ्या झुडपांची फळे वेगळी ओळखायला मुलांना प्रत्यक्ष झाडापाशी नेऊन शिकवावे. पूर्ण ऊन मिळणाऱ्या कुंपणाकडेला करवंद लावायलाही हरकत नाही, पण काट्यांमुळे ते वाटेपासून दूर असावे.