कपाटासमोरचा स्टुडिओ

टीव्हीवर मुलांसोबत बसून बघण्यासारखं काही लागत नाही, मोबाइलवर तर विचारूच नका, ही तक्रार सगळ्यांचीच आहे. तक्रार करून झाल्यावर घरात ऐकायचं काय, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे सासूबाई, नवरा, मी आणि दोन मुलं असे सगळे मिळून दर आठवड्याला वीसेक मिनिटांचा नुसत्या आवाजाचा कार्यक्रम, म्हणजे पॉडकास्ट, काढतो आणि इंटरनेटवर सोडतो. ऐकणारे बहुतेक नात्यातले, काही मुलांच्या मित्रांच्या घरचे, आणि कुठून कुठून येऊन चिकटलेले थोडे अनोळखी. तुमच्या घरी असं काही सुरू करायचं मनात असेल, तर कसं करायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे, व्हिडिओच्या नादी लागू नका. कॅमेरा आला की मुलांचे चेहरे आले, मागचं घर आलं, उजेडाची व्यवस्था आली आणि संपादनाचं काम कितीतरी पटींनी वाढलं. शिवाय कॅमेरा दिसला की मूल बोलायचं सोडून अभिनय करायला लागतं. नुसता आवाज असेल तर सासूबाई घरच्या कपड्यांत, पाय वर घेऊन बसतात आणि म्हणूनच मोकळं बोलतात. ऐकणाऱ्यालाही हातातलं काम सोडावं लागत नाही.

मग ऐकणारं एक माणूस ठरवा. ‘सगळ्यांसाठी’ असं म्हणालात की कार्यक्रम कोणाचाच होत नाही. आमचा कार्यक्रम माझ्या आत्यासाठी असतो. तिला दिसतं कमी, ऐकू छान येतं आणि कोणी ओरडून बोललेलं तिला खपत नाही. कुठला विषय घ्यावा यावर घरात वाद झाला की ‘हे आत्या शेवटपर्यंत ऐकेल का?’ एवढं विचारायचं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता खोली. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक पैसे माइकवर घालवतात आणि रेकॉर्डिंग करतात मोकळ्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की नंतर नीट काढता येत नाही. पंख्याची घरघर काढता येते, घुमणारा आवाज नाही. म्हणून घरातली सर्वांत भरलेली खोली शोधा: गाद्या, उशा, पडदे, पुस्तकं, कपडे. आम्ही कपड्यांचं कपाट सताड उघडतो आणि त्याच्याकडे तोंड करून बसतो. पाठीमागे दोरीवर जाड रजई टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल, पण टाळी वाजवून बघा: कोरड्या खोलीत टाळी तिथल्या तिथे संपते, शेपूट सोडत नाही.

पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर. फ्रिजची घरघर येत असेल तर तोही बंद करा, पण घराच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवा म्हणजे परत चालू करायचं विसरणार नाही. बोलायला लागण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. आमच्या धाकटीला हा भाग सर्वांत अवघड जातो. ऑडॅसिटी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या शांततेवरून ‘नॉइझ रिडक्शन’ला कळतं की नेमका कुठला आवाज कमी करायचा. मात्र बेताने वापरा. जास्त ओढलंत तर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात.

माइक साधा यूएसबीचा, डायनॅमिक जातीचा, म्हणजे मुख्यतः जवळचा आवाज घेणारा, घ्या. कंडेन्सर माइक नाजूक आवाजही पकडतो, म्हणजे शेजारच्यांचं भांडणसुद्धा. तोही परवडत नसेल तर फोनवर सुरू करा, खोली चांगली असेल तर फोन पुरतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवायचा, सरळ ओठांसमोर नाही. आपल्या भाषेत फ, भ, ख, ठ यांची रेलचेल. ‘भाऊ फाटकापाशी उभा’ एवढं वाक्य माइकच्या तोंडावर म्हणून बघा, प्रत्येक महाप्राण अक्षराला फटाका फुटतो. माइक तिरका धरला की श्वासाचा झोत बाजूने निघून जातो.

रेकॉर्डिंगची पट्टी हलत असते तिचं टोक उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. हसणं हे बोलण्यापेक्षा फार मोठं असतं, तेव्हा पातळी हसून ठरवा. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये ठेवा, तिच्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही; आकाराने लहान एमपी3 शेवटी करायची.

कोणी अडखळलं तर थांबायचं नाही. टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. संपादन करताना पडद्यावर त्या टाळीचा उंच सुळका लांबूनच दिसतो, सगळं पुन्हा ऐकत बसावं लागत नाही.

आता बोलणं. मुलांच्या हातात लिहिलेला कागद दिला की पाठांतराचा सूर लागतो, हे कुठल्याही स्नेहसंमेलनात बघायला मिळतं. आम्ही कागदावर तीन शब्द लिहितो, वाक्य एकही नाही. मुंग्यांवर बोलायचं असेल तर ‘रांग, वास, ओझं’. आणि समोर घरातलंच कोणीतरी बसवायचं, ज्याला ती गोष्ट खरंच माहीत नाही. मूल माइकला सांगत नाही, आजीला सांगतं. आजी मध्येच ‘म्हणजे काय गं?’ म्हणते आणि तोच कार्यक्रमातला सर्वांत चांगला क्षण निघतो.

मोठ्यांच्या मुलाखती घेताना ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न बाद. त्याला ‘छान वाटलं’ एवढंच उत्तर येतं. वस्तूंबद्दल विचारा. सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. ‘खुर्चीत बसल्यावर डाव्या हाताला काय असायचं?’ असं थोरल्याने विचारलं आणि त्या दोऱ्यांचे रंग, कानाला रुतणारा हेडफोन आणि ट्रंक कॉलसाठी ताटकळलेल्या माणसांचे आवाज यावर थांबेचनात. वाहिन्यांवर एका वेळी सहा चौकोनांतून सहा जण ओरडतात, तिथे असं एक माणूस दहा मिनिटं सलग बोलताना ऐकायला मिळत नाही. आपल्या कार्यक्रमाला काही वेगळेपण असेल तर ते एवढंच. सारखं ‘चांगले विचार’ सांगण्यात नाही. उपदेश मुलं आपल्यापेक्षा आधी ओळखतात आणि कान मिटतात.

बातम्या घ्यायच्या का? घ्या, पण आठवड्यातली एकच आणि ती समजावून सांगण्यासाठी. ताजेपणात आपण कोणाला हरवणार नाही. माहिती निदान दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळा आणि रेकॉर्डिंगची तारीख कार्यक्रमात बोलून सांगा, कारण ऐकणारा ती दोन वर्षांनीही ऐकू शकतो.

संगीताबद्दल सावध राहा. ‘पंधरा सेकंद वापरलं तर चालतं’ असा नियम कुठेही नाही. एकाच गाण्यात हक्क दोन प्रकारचे असतात: शब्द-चालीचा वेगळा आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा वेगळा. रचना जुनी आणि मोकळी असली तरी परवा कोणीतरी गाऊन रेकॉर्ड केलेली मोकळी नसते. साहित्याचंही तसंच. बर्न करारात, म्हणजे लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं हक्क राहतो, भारतात 60, युरोपातल्या बहुतेक देशांत 70. त्यामुळे वाचन करायचं तर आधी लेखकाचं मृत्युवर्ष बघा. जुनी पुस्तकं घरात बसून वाचून जगाला मोफत देणारे स्वयंसेवक बघायचे असतील तर 2005 पासून चाललेलं लिब्रिवॉक्स ऐका, त्यांची रेकॉर्डिंग सार्वजनिक मालकीची आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कर्त्याने काही अटींवर सगळ्यांना वापरू दिलेलं, संगीत वापरताना परवान्यात कर्त्याचं नाव द्यायला सांगितलंय का ते वाचा आणि द्या. आमचं शीर्षकसंगीत म्हणजे थोरल्याने पेटीवर शोधलेले पाच सूर. बेसूर आहेत, पण कोणाची नोटीस येत नाही.

संपादनात मी फार कापते. पहिली दोन मिनिटं तर बहुतेक वेळा जातातच, माणसं तिथे घसा साफ करत असतात. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ सगळे काढू नका, माणूस यंत्रासारखं वाटतं. शेवटी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावा, म्हणजे सगळे भाग सारख्याच मोठ्या आवाजात ऐकू येतात. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपासची आहे. ती पाळली तर आत्याला दर भागाला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. नुसतं बोलणं असेल तर मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज), 64 केबीपीएस (सेकंदाला 64 किलोबिट) एमपी3 भरपूर झाली. मिनिटाला 480 केबी, म्हणजे वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत.

सोडायचं कुठे? आरएसएस फीड देणाऱ्या होस्टवर. होस्ट म्हणजे आपल्या फाइली इंटरनेटवर ठेवणारी सेवा, आणि फीड म्हणजे भागांची यादी, जी बघून ॲपना नवा भाग कळतो. आरएसएसमध्ये ध्वनिफाइल जोडायची सोय 2000 सालच्या अखेरीस आली आणि पॉडकास्टची ॲप आजही त्याच जुन्या सोयीवर उभी आहेत. फीड आपलं असेल तर होस्ट बदलला तरी श्रोते सोबत येतात. खातं उघडण्याआधी दोन गोष्टी वाचा: फीड दुसरीकडे वळवू देतात का, आणि मोफत योजनेत ते स्वतःच्या जाहिराती घुसवतात का. मुलीने मुंग्यांच्या रांगेचं सांगितलं आणि लगेच जुगाराच्या ॲपची जाहिरात लागली, तर सगळ्याच खटाटोपावर पाणी.

यूट्यूबवर टाकायचंच असेल तर ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय नीट समजून घ्या. जानेवारी 2020 पासून प्रत्येकाला हे सांगावंच लागतं. तो निवडला की प्रतिक्रिया बंद होतात आणि व्यक्तिगत माहितीवर बेतलेल्या जाहिराती लागत नाहीत. काहींना प्रतिक्रिया गेल्याचं वाईट वाटतं. मला नाही वाटलं.

थेट प्रसारणाची हौस असते, घरात रेडिओ स्टेशन असल्याची ऐट असते. त्यासाठीचं आइसकास्ट नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, बरीच वर्षं चालतंय. हिशेब मात्र करा: थेट प्रवाहात प्रत्येक श्रोत्याला वेगळी प्रत जाते. 64 केबीपीएसवर 50 श्रोते म्हणजे 3200 केबीपीएस, साधारण सव्वातीन एमबीपीएस फक्त अपलोड. घरच्या जोडणीवरून हे ओढण्यापेक्षा भाड्याचा छोटा सर्व्हर बरा. आणि मुलं असतील तर थेट नकोच, असं माझं मत. थेटमध्ये कात्री नसते. मूल बोलता बोलता शाळेचं नाव सांगतं, कधी ‘उद्यापासून आम्ही आठ दिवस घरी नाही’ हेही सांगून मोकळं होतं.

इथे जरा कडक व्हा. मुलांची पूर्ण नावं, शाळा, इयत्ता, वाढदिवस, शिकवणीची वेळ, घराजवळची खूण, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. आमच्याकडे मुलांनी स्वतःच टोपणनावं घेतलीत. प्रवासाचे भाग परतल्यावरच सोडायचे. भागासोबत फोटो लावणार असाल तर त्यातली ठिकाणाची नोंद आधी पुसा, फोनचे कॅमेरे ती गुपचूप चिकटवतात. आवाजाची नक्कल करणारी साधनं आता थोडक्या नमुन्यावर चालतात, तेव्हा घरात एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवा: घाबऱ्या आवाजात पैसे मागणारा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा. सासूबाईंनी निवडलेला शब्द इतका अचरट आहे की कोणीही विसरणार नाही.

शेवटचा होकार ज्याचा आवाज त्याचा. भाग सोडण्याच्या आदल्या दिवशी सगळे मिळून ऐकतो. कोणी ‘हे नको’ म्हटलं की ते जातं, कारण विचारायचं नाही. धाकटीने एकदा स्वतःचं रडणं काढायला लावलं. नवऱ्याच्या मते तोच भाग उत्तम होता. काढला. फीडमधून भाग नंतर उडवता येतो, पण लोकांच्या फोनवर उतरलेल्या प्रती आपल्या हातात नसतात. म्हणून विचारायचं ते आधी.

वर्षभर दर आठवड्याला करण्याची शपथ घेऊ नका. आठ-दहा भागांचं सत्र करा, मग उघड सांगून सुट्टी घ्या. दोन भाग तयार ठेवूनच सत्र सुरू करा, कारण घसे बसतात, परीक्षा येतात, पाहुणे येतात. आकडे मुलांना दाखवू नका. किती जणांनी ऐकलं हे कळलं की मूल विचारतं, ‘मग जास्त लोकांना आवडेल असं काय बोलू?’ आम्ही त्यांना आत्याचे व्हॉइस मेसेज ऐकवतो. ती चुकाही काढते, व्याकरणाच्या तर हमखास.

आणि मूळ वेव्ह फाइली जपून ठेवा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय, म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशी नावं देणाऱ्याला आमच्या घरात पुढच्या भागाचं संपादन करायला लावतात. सध्या पाळी नवऱ्याची आहे.