डायोरामाचे फोटो उघड्यावर कसे काढावेत

महिनोन्‌महिने खपून डायोरामातला, म्हणजे छोट्या मॉडेलांच्या देखाव्यातला, रणगाडा रंगवायचा, त्याच्या पट्ट्यांवर चिखल थापायचा, सैनिकांच्या डोळ्यांत बुबुळं काढायची आणि फोटो मात्र उभ्या उभ्या, वरून, ट्यूबलाइटखाली काढायचा. मग त्यात टेबलावरचं खेळणं दिसलं तर नवल नाही. तोच डायोरामा उन्हात नेला की सावल्या खऱ्या पडतात. अडचण एकच: बाहेर जवळपास जे काही असतं, ते मापाची चुगली करतं. बोटभर गवत १/३५ मापात (म्हणजे मॉडेल खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) अडीच-तीन मीटरचं रान होतं, एक सेंटिमीटरचा खडा सैनिकाच्या गुडघ्याच्या जरा खाली येणारा धोंडा. म्हणून बाहेरून ऊन आणि क्षितिज एवढंच उसनं घ्यायचं. जमीन, झुडपं, दगड आपलेच.

आधी जागा. मागे निदान तीस-चाळीस मीटर मोकळं हवं आणि त्यापलीकडे झाडांची रांग किंवा नुसतं आकाश. इतक्या लांबचं झाड केवढं आहे हे डोळ्याला कळत नाही, त्यामुळे ते कुठल्याही मापात खपतं. विजेच्या तारा, खांब आणि उभ्या गाड्या तेवढ्या बघून घ्या. काढताना लक्षात येत नाहीत, नंतर फोटोत फक्त त्याच दिसतात. डायोरामा छातीएवढ्या उंचीच्या पक्क्या टेबलावर, अगदी कडेला ठेवा, म्हणजे कॅमेरा टेबलाबाहेर हवा तेवढा खाली नेता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: भिंगाची उंची. पावणेदोन मीटरचा सैनिक १/३५ मापात ५ सेंटिमीटर भरतो आणि त्याचे डोळे जमिनीपासून साधारण ४.७ सेंटिमीटरवर येतात. भिंगाचा मध्य तिथेच आणायचा. १/७२ मापात हीच उंची जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. टी-३४ रणगाडा साधारण २.४५ मीटर उंच, म्हणजे मॉडेल ७ सेंटिमीटरचं. भिंग एवढं खाली नेलं की त्याचा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) क्षितिजाच्या वर, आकाशात चढतो, आणि आपण त्याच्यासमोर उभे आहोत असं वाटायला लागतं. शिवाय क्षितिज उभ्या सैनिकांच्या डोळ्यांच्या रेषेत येतं. सपाट जमिनीवर माणसाला जग असंच दिसतं.

मोबाइल वापरत असाल तर तो सरळ उलटा धरा. भिंग वरच्या कडेला असतं, ते खाली येतं आणि थेट चिखलाजवळ टेकवता येतं. फार जवळ गेलं की बरेच फोन आपणहून रुंद भिंगावर जातात आणि तोफेची नळी हत्तीच्या सोंडेसारखी पुढे येते. ती सोय बंद करा, थोडं मागे सरका, नंतर फोटो कापून घ्या.

बेसची मागची कड दिसतेच. त्यासाठी मी त्याच मातीचा आणि त्याच रंगाचा एक सुटा फळीभर तुकडा करून ठेवला आहे. तो मागे लावला की सांधा लपतो.

उन्हाची वेळ सकाळची किंवा दुपार कलल्यानंतरची. डोक्यावरच्या उन्हात हेल्मेटच्या काठाची सावली पूर्ण चेहऱ्यावर पडते आणि ती बुबुळं वाया जातात. सूर्य तुमच्या खांद्यामागून, एका बाजूने येऊ द्या. तुम्ही रंगातच सावल्या आणि उजेड काढले असतील, तर त्याच दिशेने ऊन येईल असा बेस फिरवा; दोन दिशांच्या सावल्या लगेच खटकतात. डायोरामा सावलीत आणि मागचं मैदान उन्हात, असं कधीही नको. सावलीची बाजू फार काळी पडली तर पांढऱ्या कागदाचा तुकडा चौकटीबाहेर धरा. बर्फाचा देखावा असेल तर ढगाळ दिवसच बरा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, टायमर २ सेकंद. भिंगाचं छिद्र एफ/११ ते एफ/१६, म्हणजे बारीक, की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येईल. अर्धा रणगाडा धूसर झाला की मेंदू लगेच ‘हे छोटं आहे’ म्हणतो. त्याहून बारीक छिद्र केलं की फोटो एकूणच मऊ पडतो. लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर साधारण १/१०० सेकंद. ऊन तिरपं असेल तर त्याहून हळू. तरीही पुढची फिगर आणि मागचं घर दोन्ही स्पष्ट येत नसतील, तर फोकस पुढून मागे सरकवत सहा-आठ फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र जोडा. यासाठी वारा पडलेला हवा. तारेची अँटेना एकदा जरी हलली तरी जोडलेल्या फोटोत ती दुहेरी दिसते.

पहिला फोटो काढल्यावर लगेच तो मोठा करून पाहा. ब्रशचा गळालेला केस, कापसाचा तंतू, गोंदाची चकाकी. एक मिलिमीटर जाडीचा धागा तिथे साडेतीन सेंटिमीटर जाड दोरखंड असतो. मऊ ब्रशने झटका, चकाकणाऱ्या जागी घरी मॅट वार्निश मारून पुन्हा या.

उन्हात ठेवायचं ते फोटोपुरतंच. थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि गडद रंगाचा तुकडा भरभर तापतो. चौकट ठरेपर्यंत बेसवर रिकामं खोकं पालथं घालून ठेवा.

आणि काम संपलं की आधी डायोरामा आत न्या, ट्रायपॉड मागाहून आवरा. मी एकदा उलट केलं. वळून पाहतो तर मांजर खंदकात बसलेलं, आणि रेडिओवाला सैनिक अजून सापडायचा आहे.