खूप टॅब उघडले की क्रोम हँग होतो? आधी नेमकं काय अडलंय ते शोधा

जुलैअखेर रिटर्नच्या गर्दीत आमच्या ऑफिसात एकेका मशीनवर चाळीस-पन्नास टॅब उघडे असतात. ते बंद करणं शक्य नसतं. त्यामुळे "टॅब कमी ठेवा" हा सल्ला मला ऐकवत नाही. "कॅशे साफ करा" हा तर त्याहून निरुपयोगी. कॅशे म्हणजे आधी पाहिलेल्या पानांच्या साठवलेल्या फायली, ती मुख्यतः डिस्कवर असते. ती पुसून रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, मोकळी होत नाही, उलट प्रत्येक पान नव्याने उतरवावं लागतं. रॅम साफ करून देणारी फुकट सॉफ्टवेअर तर मशीनवर घेऊच नका.

ब्राउझर अडकला की क्लिक करत सुटू नका, मिनिटभर थांबा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रॅमची यादी) अख्खा क्रोम बंद करू नका. अर्धे भरलेले फॉर्म जातात, मी गमावले आहेत. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे: क्रोमच्या खिडकीत असताना शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा.

आता खरं काम. 2008 मध्ये आला तेव्हापासून क्रोम टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या तुकड्यांत, चालवतो. म्हणून इथे टॅब, एक्सटेन्शन (क्रोमला जोडलेली छोटी जोड-सॉफ्टवेअर), जीपीयू (चित्र दाखवणारा भाग) अशा वेगळ्या ओळी दिसतात. बहुतेक जण मेमरीचा सर्वांत मोठा आकडा बघतात आणि तीच ओळ संपवतात. मीही तेच करायचो आणि दर वेळी बिचारा मेलचा टॅब बळी जायचा. आधी सीपीयूच्या (प्रोसेसरवरचा भार) रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. एखादी ओळ शंभराच्या आसपास अडून बसली असेल, तर बहुधा त्या पानावरची स्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) अडकली आहे. ती ओळ निवडून 'एंड प्रोसेस' करा. टॅब जागेवर राहतो, रिलोड केला की पान परत येतं. त्यात भरलेला मजकूर मात्र जातो. एकाच साइटचे टॅब कधी कधी एकच प्रोसेस वापरतात, तेव्हा ते सगळे एकदम पडतात. आधी नावं वाचा.

सीपीयू शांत, पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि मेमरी काठोकाठ? मग रॅम संपली आहे आणि विंडोज डिस्कवर उचल-ठेव करतंय. अशा वेळी जड टॅब बंद करण्यावाचून इलाज नाही.

तिसरी शक्यता सगळ्यांत फसवी. सगळेच टॅब थोडेथोडे जड दिसतात, आणि एक्सटेन्शनच्या ओळी मात्र हलक्या. माझे दोन दिवस इथे गेले. एक्सटेन्शन पानात जी स्क्रिप्ट घुसवतं, ती त्या टॅबच्याच प्रोसेसमध्ये चालते, त्यामुळे तिचा भार टॅबच्या नावावर पडतो. आमच्याकडे हे करणारं होतं खरेदीचे कूपन शोधून देणारं एक एक्सटेन्शन. ओळखायचं कसं? तीच पानं इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे एक्सटेन्शन्स मुळात बंद असतात, तुम्ही परवानगी दिलेली सोडून. तिथे सगळं सुरळीत चाललं, तर एक्सटेन्शनपैकीच कोणीतरी आहे. अर्धी बंद करा, बघा, मग उरलेल्यातली अर्धी.

आणि हे विसरू नका: एक्सटेन्शन बंद केल्यावर उघडे टॅब रिलोड करा. आधी घुसलेली स्क्रिप्ट रिलोड होईपर्यंत पानात तशीच राहते. मी रिलोड न करता "हे नाही" म्हणत खऱ्या दोषी एक्सटेन्शनला दोनदा सोडून दिलं होतं.

बाकीचं सोपं आहे. सेटिंग्जमधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी सेव्हर चालू करा, तो न वापरलेले टॅब झोपवून मेमरी मोकळी करतो. पिन केलेले, आवाज चालू असलेले किंवा अर्धा भरलेला फॉर्म असलेले टॅब तो झोपवत नाही. स्क्रोल करताना चित्र फाटत असेल, तर 'सिस्टीम'मधलं ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करून बघा. आज न लागणारे टॅब वेगळ्या खिडकीत ओढा, कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून एकाच बुकमार्क फोल्डरमध्ये ठेवा आणि ती खिडकी बंद करा. चुकून भलतीच बंद झाली, तर कंट्रोल-शिफ्ट-टी.

एवढं करूनही मेमरी काठोकाठ आणि डिस्क सतत 100 टक्के राहत असेल, तर रॅम तुमच्या कामाला पुरत नाही, 8 जीबी असेल तर 16 करा. पैसे देण्याआधी मॉडेल नंबर सांगून विचारून घ्या, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि ती वाढवता येत नाही.