पहिला अर्धा तास मोकळा सोडा
नवी मुंबईत महापे-रबाळ्याच्या कंपनीत टीम सांभाळत असाल, तर सकाळची मीटिंग साडेनऊला ठेवू नका. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभ्याने येऊन, घणसोलीला उतरून, पुन्हा शेअर रिक्षाच्या रांगेत ताटकळलेला माणूस खुर्चीत टेकतो तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असतो. त्या क्षणी टार्गेटचा तक्ता दाखवलात तर तो नुसती मान डोलावेल. पाणी, चहा, दोन गप्पा होऊ द्या, दहाला बसा. मी दोन वर्षं नेमकं उलटं करत होतो, म्हणून सांगतो.

आणि कौतुक करायचं तर नेमकं करा. ‘छान काम’ हे गेटवरच्या ‘गुड मॉर्निंग’सारखं, कानावरून जातं. त्यापेक्षा, ‘मालाच्या चलनातली चूक तुम्ही ट्रक निघायच्या आधी पकडलीत, नाहीतर गाडी भिवंडीहून परत बोलवावी लागली असती,’ असं त्याच दिवशी, चारचौघांत म्हणा. चूक दाखवायची असेल तेव्हा मात्र केबिनमध्ये, दार लावून. शुक्रवारचा पिझ्झा ठीक आहे हो, पण त्या दिवशी अर्धा तास लवकर सोडलंत तर लोक जास्त खूश होतात. संध्याकाळची गर्दी टळते ना!