तीन पत्ती येते? मग पोकर जरा जपून

गणपतीत रात्र जागवायला आमच्याकडे तीन पत्ती ठरलेली. गेल्या वर्षी भाच्याने पोकर शिकवलं आणि पहिल्याच रात्री माझे चाळीस चिंचोके गेले. तीन पत्ती अंगात मुरलेली, तिथेच घात झाला.

आधी ‘ब्लाइंड’ हा शब्द. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. आम्ही खेळतो त्या टेक्सस होल्डेम नावाच्या पोकरमध्ये वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटायच्या आधीच भरायची रक्कम म्हणजे ब्लाइंड. आम्ही प्रत्येकी पन्नास चिंचोके घेतो. छोटा ब्लाइंड एक, मोठा दोन. तीन पत्तीतल्या बुटासारखं (डाव सुरू होताना भरायची रक्कम) सगळ्यांना भरावं लागत नाही, पण दर डावाला वाटायची पाळी डावीकडे सरकते, त्यामुळे सुटत कुणीच नाही.

प्रत्येकाला दोन पानं उपडी. चालींची फेरी. मग मधोमध तीन पानं उघडी (फ्लॉप), पुन्हा चाली. चौथं पान (टर्न), चाली. पाचवं (रिव्हर), शेवटच्या चाली. हातातली दोन आणि मधली पाच, या सातांतली सगळ्यात भारी पाच धरायची. बरोबरी करणं कॉल, वाढवणं रेझ, पॅक होणं फोल्ड. त्या फेरीत अजून कुणी चाल लावली नसेल तर फुकट थांबता येतं, ते चेक.

आता माझं नुकसान. माझा पंजी ते नव्वी सिक्वेन्स, जाऊबाईंची पाच किलवर. मी हसत चिंचोके ओढायला लागले, भाच्याने हात धरला. पोकरमध्ये कलर (सगळी पानं एकाच रंगाची) सिक्वेन्सला मारतो! कारण साधं आहे, दुर्मीळ ते मोठं. प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा सिक्वेन्स) वगळून तीन पानांत सिक्वेन्स ७२० तऱ्हांनी जमतो, कलर १,०९६. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८.

चढता क्रम असा: नुसतं मोठं पान, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी अधिक जोडी), चार सारखी, प्युअर सिक्वेन्स. आपला ट्रेल, म्हणजे तीन सारखी, बिचारा मधेच अडकलाय. एक्का-दुर्री-तिर्रीचा मानही गेला. एक्का ते पंजी इथे सगळ्यात लहान सिक्वेन्स.

पहिल्या दोन पानांत जोडी सरासरी सतरा डावांत एकदा येते, तेव्हा वाट बघत बसू नका. पण सत्ती-दुर्री आली तर सरळ फोल्ड. फ्लॉपनंतर हातातली धरून एकाच रंगाची चार पानं झाली, तर त्या रंगाची नऊ उरतात. उरलेल्या पानांना चारने गुणायचं: नऊ चोक छत्तीस, म्हणजे रिव्हरपर्यंत कलर जमायची शक्यता साधारण ३५ टक्के. टर्न होऊन गेला असेल तर चारऐवजी दोनने गुणा.

जाऊबाईंनी यंदाचे चिंचोके आत्ताच डब्यात भरून ठेवलेत. त्यातले चाळीस माझे आहेत.