काळी उलटी झाल्यावर काय करावे: अन्ननलिकेच्या एका दुर्मीळ आजाराविषयी

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जुलाबाने किंवा उन्हाने गळून गेलेल्या वयस्कर मधुमेही माणसाला एकाएकी चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली, तर घरचे लोक बहुधा पित्त खवळले असे समजून थंड दूध किंवा सोडा पाजतात. तसे करू नये. तो काळेपणा जठरातील आम्लामुळे रंग बदललेल्या रक्ताचा असू शकतो. असे रक्त बहुतेक वेळा अल्सरमधून किंवा यकृताच्या आजाराने फुगलेल्या शिरांतून येते, परंतु क्वचित अन्ननलिकेचे आतले अस्तरच मृत होऊन काळे पडलेले असते.

या आजारात रक्तदाब घसरल्याने अन्ननलिकेचा रक्तपुरवठा तुटतो आणि वर चढलेले आम्ल उरलेले नुकसान करते. खालच्या भागात मुळातच रक्तपुरवठा कमी असल्याने तडाखा तिथेच अधिक बसतो. अनियंत्रित मधुमेह, जंतुसंसर्ग, दारू आणि कुपोषण ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी असते.

म्हणून रुग्णाला तोंडाने काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये. ग्लानी असल्यास डाव्या कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा. गोळ्यांची पाकिटे, विशेषतः अंगदुखीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या, सोबत घ्यावीत. उलटी किती वाजता व किती झाली, शौच काळी व चिकट होती का आणि शेवटची साखर किती होती, हे कागदावर लिहून ठेवावे, कारण घाईत कुणालाच आठवत नाही. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर तेही सांगावे.) गावातल्या दवाखान्यात सलाइन लागले तरी तिथेच थांबू नये; दुर्बिणीची तपासणी आणि रक्त चढवण्याची सोय जिथे आहे तिथेच पोहोचावे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी जे जवळचे असेल तिथे निघण्याआधी दुर्बीण उपलब्ध आहे का, हे फोन करून विचारावे.

निदान दुर्बिणीनेच होते: अन्ननलिका चहूबाजूंनी काळी दिसते आणि जठराच्या तोंडाशी तो काळेपणा एकदम थांबतो. उपचारात सलाइन, आम्ल कमी करणारी इंजेक्शने, गरजेप्रमाणे रक्त आणि मूळ आजारावरील औषधे यांचा समावेश असतो. अनेकदा जिवाला धोका अन्ननलिकेपेक्षा त्या मूळ आजाराचाच अधिक असतो, त्यामुळे साखर व संसर्ग यांकडे दुर्लक्ष होता कामा नये.

बरे होऊन घरी आल्यावर काही आठवड्यांनी भाकरीचा घास अडकू लागला, तर अन्ननलिका आकसली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पातळ खाऊन दिवस न काढता पुन्हा दुर्बिणीसाठी जावे, कारण आकसलेला भाग फुग्याने रुंद करता येतो.